तीन इंचांचं अस्तर

पहाटे ५.१५. शिरोली एमआयडीसीत श्रावणाची झड लागली आहे. शेडच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजतोय की भट्टीवरच्या मामांना हाक मारावी तरी ऐकू जात नाही. काल दुपारी शेवटची हीट ओतून पाचशे किलोची इंडक्शन भट्टी रिकामी केली, तेव्हापासून ती थंड होतेय. कॉइलमधलं पाणी मात्र रात्रभर चालू होतं. ते बंद करायचं नसतं.

टॉर्च आत धरून वेगवेगळ्या उंचीवर भट्टीचा व्यास मोजला. नवं अस्तर ७५ मिलिमीटरचं, म्हणजे तीन इंच. स्लॅग तरंगतो त्या रेषेला २७ मिलिमीटर झिजलंय. एक तृतीयांश गेलं की अस्तर काढायचं, हा आमचा नियम. आतल्या बाजूला साधारण १,५०० अंशांचं वितळलेलं बीड, बाहेर तांब्याच्या नळीत वाहतं पाणी आणि मध्ये एवढीच जाडी. कोल्हापूरच्या शेकडो फाउंड्र्या या तीन-चार इंचांवर उभ्या आहेत.

७.०० ते ८.४५ तोडणी. या कामाची घाई मी करू देत नाही. जुनं अस्तर म्हणजे वाचायची वही आहे. बीडाला लागलेला थर काळपट, काचेसारखा चकाकणारा, छिन्नीला दाद न देणारा. त्यामागचा थर अर्धवट भाजलेला, नखाने खरवडला तर कणी सुटते. आणि कॉइलजवळचा थर अजून मोकळं पीठ. मूठभर पीठ बोटांतून ओघळलं की मला बरं वाटतं, कारण पुढच्या थरातून येणारी चीर या पिठात येऊन थांबते. तेही भाजून दगड झालेलं असलं तर भट्टीने आपल्याला मोठ्या संकटाच्या उंबरठ्यावरून सोडलं म्हणायचं.

धुळीत नवा पोरगा मास्क गळ्यात अडकवून उभा होता. मामांनी त्याच्या हातातलं हॅमर काढून घेतलं. "आधी तोंड झाक, मग काम कर. ही धूळ छातीत बसली की निघत न्हाई बाळा." खरं आहे. सिलिकोसिसवर औषध नाही.

९.१५. प्रयोगशाळा. नाव मोठं आहे. खोली बारा बाय दहाची. राजस्थानातून आलेल्या रॅमिंग मासचा, म्हणजे अस्तर ठोकायच्या सिलिका भुकटीचा, नवा लॉट आहे. कच्चा माल दुरून येतो आणि जवळूनही: साच्याची वाळू घाटाखालच्या कासार्ड्याची, तर उच्च अॅल्युमिना विटांना लागतं तसलं बॉक्साइट आपल्याच राधानगरीच्या पठारावर सापडतं. पिशवीसोबतच्या कागदावर सिलिका ९८ टक्क्यांच्या वर लिहिली आहे. असेलही. पण कागद लॉटचा असतो, भट्टीत पडते ती पिशवी.

आधी ओल. शंभर ग्रॅम तोलून ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले, परत तोलले. भिंतीला टेकलेल्या दोन पिशव्यांत ०.८ टक्का ओल निघाली. आमची मर्यादा ०.५. दोन्ही बाजूला काढल्या. मग चाळण्या: जाड, मध्यम, बारीक यांचं प्रमाण बिघडलं तर दाण्यांमधल्या पोकळ्या भरत नाहीत, आणि पोकळी म्हणजे बीडाला वाट. मग लोहचुंबक फिरवलं. त्याला लोखंडाचा कीस चिकटला तर माल परत, यात चर्चा नाही.

सगळ्यात मोलाची चाचणी कालपासून चालू होती. याच मासची एक वाटी ठोकून, तीत आमचाच स्लॅग भरून, मफल भट्टीत १,४०० अंशांवर ठेवली होती. आता हिऱ्याच्या पात्याने ती मधोमध कापली. काळा डाग तीन मिलिमीटर आत शिरला होता. मागच्या लॉटमध्ये पाच. शुद्ध सिलिका १,७०० अंशांपुढे वितळते, पण गंजक्या भंगारातून आलेलं लोखंडाचं ऑक्साइड तिला भेटलं की फायलाइट तयार होतं, आणि ते १,२०५ अंशांनाच वितळतं. गंज एका फटक्यात पाचशे अंश खाऊन टाकतो. म्हणून भंगाराच्या ढिगाकडे मी अस्तराच्या नजरेने बघतो.

लॅडलच्या विटांची सच्छिद्रताही आज मोजली: कोरडं वजन, पाण्यात उकळून भिजलेलं वजन, पाण्यात टांगून घेतलेलं वजन. एवढ्यावर हिशेब निघतो. भाराखालची उष्णतासहता किंवा शंकूची चाचणी इथे होत नाही. आयएस १५२८ प्रमाणे ती बाहेरून करून घेतो. मातीचे शंकू वाकताना बघून ताप ओळखायची ही रीत हर्मान झेगर यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये बसवली. शंकू अजून तसेच वाकतात.

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी होतो. लॉट बदलला, कुणी चाळला नाही, मीही नाही. सतराव्या हीटला ग्राउंड लीकेजचा, म्हणजे बीड कॉइलकडे सरकल्याची खूण देणारा दिवा लागला. "दिवा खराब असेल" म्हणून भट्टी चालू ठेवली. बीड कॉइलपर्यंत आलं. पाण्याची वाफ होऊन जो आवाज झाला, तो अजून कानात आहे. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा डावा हात भाजला. त्या रात्रीपासून चाळणी माझ्या टेबलावर आहे, कपाटात नाही.

दुपारी १.०० जेवण. २.३० ला ठोकाई सुरू. कॉइलला मायका शीट, मग तळ, मग लोखंडी फॉर्मर मध्यभागी. चार बाजूंनी अंतर मोजायचं, परत मोजायचं. मास कोरडाच भरायचा, काट्याने टोचून हवा काढायची, आणि पुढचा थर टाकण्याआधी खालचा पृष्ठभाग ओरखडायचा, नाहीतर दोन थरांमध्ये सांधा राहतो.

६.०० वाजता पॅनेल चालू. तासाला १०० अंश, जास्त नाही. आठच्या सुमारास काठावरून वाफ येऊ लागली. मासमध्ये मिसळलेलं बोरिक अॅसिड पाणी सोडत होतं. ४५० अंशांजवळ त्याचं ऑक्साइड वितळून दाण्यांना धरू लागतं. सिलिका आणि बोरॉन ऑक्साइड, हेच दोन मुख्य घटक प्रयोगशाळेतल्या बीकरमध्ये असतात. भट्टीच्या पोटात आज रात्री काचच बनतेय. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत होता. काचेची विद्या या मुलुखाला परकी नाही.

रात्री ११.३० ला ५७३ अंश. इथे क्वार्ट्झची स्फटिकरचना पालटते आणि दाणा एकदम फुगतो. घाई केली तर अस्तर पहिल्याच रात्री तडकतं. मी आणि मामा तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नाही.

पहाटे ३.०० नंतर वेग वाढवला. ६.१५ ला १,५५० अंश, तिथे एक तास धरून ठेवलं. ७.३० ला लीकेजचा काटा शून्याजवळ आणि पहिली हीट लॅडलमध्ये.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीवाल्यांना एवढंच सांगणं: लॉट बदलला की एक वाटी ठोका, तुमचाच स्लॅग तीत भरा, भाजा आणि कापून बघा. मफल भट्टी नसेल तर शेजाऱ्याकडे असेल. मागायला जा.