पेठेची टीम

सोलापूरकराला तालीम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं घेतली की गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम डोळ्यांपुढे येतं, आणि कोण कुठल्या तालमीचा हे घराच्या पत्त्यावरूनच ठरलेलं असतं. कोल्हापुरातही तसंच आहे. फक्त तिथल्या तालमी लेझमाबरोबर फुटबॉलही खेळतात.

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं उच्चारताना कोल्हापूरकराचा आवाज बदलतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने इथल्या तालमी कुस्तीसाठी नावारूपाला आल्या. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी चेंडू पायाला लावला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि आज तिच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये 16 संघ उतरतात. तळाला राहिलेले संघ खालच्या गटात जातात. अंतिम सामन्याला शाहू स्टेडियममध्ये हजारोंची गर्दी होते, तीही भारताच्या नव्हे तर शेजारच्या पेठेविरुद्धच्या सामन्याला.

या निष्ठेचं मूळ निवडीत नाही. दूरचित्रवाणीवर परदेशी क्लब पाहणारा मुलगा जिंकणारा संघ निवडतो आणि तो हरू लागला की दुसरा धरतो. पेठेतल्या मुलाला ती मुभा नसते. आजोबा ज्या तालमीत घुमले, तीच त्याची टीम. ती वर्षानुवर्षं चषकाविना राहिली तरी वर्गणी द्यायची, सामन्याला जायचं आणि रात्री कट्ट्यावर गोलरक्षकाच्या चुकीवर वाद घालायचा. संघ खालच्या गटात गेला तरी त्याचे लोक पेठेतच राहतात, आणि त्याला पुन्हा वर आणणारी पोरंही बहुधा त्याच गल्ल्यांतून येतात.

जगात याला जोड आहे. मँचेस्टर सिटी आज श्रीमंत क्लब म्हणून ओळखला जातो. पण 1998-99 मध्ये तो इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत होता, आणि तरीही त्याच्या घरच्या मैदानावर सरासरी 28 हजार प्रेक्षक येत होते. बर्लिनच्या युनियन क्लबची गोष्ट तर आणखी विलक्षण. 2004 मध्ये क्लब पैशाअभावी बुडायला आला, तेव्हा चाहत्यांनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबला दिला. चारेक वर्षांनी दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी स्वतः राबून मोडकळीला आलेलं स्टेडियम नव्याने बांधलं. 2019 मध्ये हा संघ जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला.

कोल्हापूरच्या या प्रेमाला एक काळी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. दोन पेठांचे समर्थक हमरीतुमरीवर आले, दगडफेक झाली, पोलिसांना मध्ये पडावं लागलं आणि स्पर्धा थांबल्या, असं अनेकदा घडलं आहे. त्याला निष्ठा म्हणणं चूक आहे. दगड समोरच्या पेठेवर भिरकावला तरी स्पर्धा बंद पडते आणि नुकसान आपल्याच पेठेतल्या, वर्षभर सराव केलेल्या पोरांचं होतं.

आणि ती पोरं मोठं काही करू शकतात. रिक्षाचालकाचा मुलगा असलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, नंतर इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. असा खेळाडू घडायला प्रशिक्षण लागतं, मैदान लागतं. पण त्याआधी लहानपणी फुटबॉलला किंमत देणारं गाव लागतं. कोल्हापूर तसं गाव होतं.

सोलापूरहून अंबाबाईच्या दर्शनाला कितीतरी जण जातात. लीगचा हंगाम चालू असेल तर संध्याकाळची परतीची घाई करू नका. शाहू स्टेडियम मंदिरापासून फार लांब नाही. शेजारी बसलेल्याला त्याची तालीम कुठली ते विचारा, आणि तो सांगेल तिच्या बाजूने दीड तास ओरडा.