दस्तऐवजांचा क्रमांक कसा असावा?

औषधे व प्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची 'टी' २३ जून २००० रोजी अधिसूचित झाली व ७ मार्च २००३ रोजी तिच्यात सुधारणा झाली. तेव्हापासून आपल्या निर्माणशाळांत बॅचच्या उत्पादन-नोंदी, वितरणाच्या नोंदी, तक्रारींची नोंदवही आणि प्रमाणित कार्यपद्धती असे अनेक कागद जमू लागले. त्यांना क्रमांक कोणत्या पद्धतीने द्यावेत, हे मात्र निर्मात्यानेच ठरवावयाचे आहे. आय.एस.ओ. ९००१ हे मानकही दस्तऐवजाची ओळख पटावी एवढेच सांगते. विशिष्ट पद्धतीचा आग्रह धरीत नाही.

हा प्रश्न केवळ कारकुनी नव्हे. वत्सनाभ-शोधनाची कार्यपद्धती सुधारली आणि जुनी प्रत शोधन-कक्षातच राहिली, तर कामगार जुन्या रीतीनेच शोधन करील. हातातला कागद तोच आहे ना, हे त्याला क्षणात कळावे, यासाठी क्रमांक असतो.

प्रचारात तीन पद्धती आढळतात.

१) अर्थवाही क्रमांक : यात विभाग, कल्प व विषय यांची अक्षरे गुंफलेली असतात. वाचताच बोध होतो, हा गुण. परंतु वत्सनाभ त्रिभुवनकीर्तीत आहे, तसाच आनंदभैरव रसातही आहे. मग शोधनाची कार्यपद्धती कोणत्या कल्पाखाली घालावी? उद्या दोन विभाग एकत्र झाले, तर क्रमांक खोटा ठरतो.

२) मानकाच्या कलमानुसार क्रमांक : आय.एस.ओ. ९००१ मध्ये दस्तऐवज-नियंत्रणाचे कलम १९९४ च्या आवृत्तीत ४.५, २००० मध्ये ४.२.३, तर २०१५ मध्ये ७.५ झाले. कलमे बदलली की क्रमांकांचा आधारच सुटतो.

३) प्रकार व अनुक्रम : कार्यपद्धतीस 'का', नमुन्यास 'न', मानकास 'मा' आणि पुढे तीन अंक, जसे का-०१४. लहान व मध्यम निर्माणशाळांसाठी आम्ही हीच पद्धती योग्य मानतो. क्रमांकाने ओळख द्यावी, वर्णन करू नये. शीर्षक, विभाग, संबंधित कल्प, मंजुरीचा दिनांक व प्रती कोठे ठेवल्या आहेत, हे सर्व नोंदवहीत लिहावे. त्यासाठी संगणकच हवा असे नाही, आखलेली वहीही पुरते.

पद्धती कोणतीही असो, पुढील पथ्ये पाळावीत. आवृत्ती क्रमांकात मिसळू नये. 'का-०१४, आवृत्ती ३' असे स्वतंत्र लिहावे. नवी आवृत्ती देतानाच जुनी प्रत परत घ्यावी. रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या दस्तऐवजास कदापि देऊ नये; कारण जुन्या बॅचच्या नोंदीत त्याचा उल्लेख असतो आणि तक्रार आल्यास तीच कार्यपद्धती सापडली पाहिजे. भरलेल्या नमुन्याची ओळख नमुना-क्रमांक व बॅच-क्रमांक मिळून ठरवावी. उल्लेख करताना क्रमांकासोबत शीर्षकही लिहावे, म्हणजे एका अंकाची चूकही लगेच ध्यानी येते.

ज्यांच्याकडे जुनी पद्धती रुळली आहे, त्यांनी एका दिवसात सर्व बदलू नये. जो दस्तऐवज सुधारणेस येईल, त्यास नवा क्रमांक द्यावा आणि नोंदवहीत जुन्या क्रमांकाचा रकाना ठेवावा. औषधाची बॅच हाती घेऊन तिच्या निर्मितीचा नेमका कागद काही मिनिटांत काढता आला, तर पद्धती योग्य निवडली असे समजावे.