काचेप्रमाणे फुटणारी अक्षरे : देवनागरी शीर्षकांचा एक प्रश्न

पडद्यावर एखादे नाव उमटावे, क्षणभर स्थिर राहावे आणि मग काचेप्रमाणे फुटून त्याचे तुकडे प्रेक्षकाकडे झेपावावेत, हा परिणाम चलचित्रांच्या शीर्षकांत आता सर्वपरिचित झाला आहे. तो साधण्याची रीत बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून सांगितली जाते. बारामती वा इंदापूर येथील एखाद्या समारंभाच्या चित्रफितीस देवनागरी शीर्षक द्यावयाचे असेल, तर ती रीत जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. काच फुटण्यापूर्वीच शब्द मोडण्याचा संभव असतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम काचेचा स्वभाव पाहू. खिडकीच्या साध्या काचेतील तडा सेकंदास सुमारे १,५०० मीटर इतका वेग गाठू शकतो. चित्रफितीत सेकंदास २५ चौकटी धरल्या, तर एका चौकटीच्या अवधीत, म्हणजे ४० मिलिसेकंदांत, असा तडा ६० मीटर जाईल. तात्पर्य, तडा पसरताना डोळ्यास दिसतच नाही; दिसते ते तुकड्यांचे उडणे आणि पडणे. म्हणून तडे सावकाश पसरताना दाखविले, तर प्रेक्षकास काचेचा नव्हे, वाळलेल्या चिखलाचा भास होतो.

अडोबी कंपनीच्या ‘आफ्टर इफेक्ट्स’ या प्रणालीत या कामासाठी ‘शॅटर’ नावाची योजना आहे. ती शब्दाच्या थरास लावली असता आरंभी केवळ रेषांचा सांगाडा दिसतो. प्रत्यक्ष चित्र दिसण्यासाठी दर्शनाचा प्रकार ‘रेंडर्ड’ असा बदलावा लागतो. त्यानंतर तुकड्यांच्या आकृतिबंधात ‘ग्लास’ निवडावा. आवृत्तींची संख्या वाढविली की तुकडे लहान होतात. जाडी वाढविली की त्यांस काचेची कड प्राप्त होते. आघाताचे स्थान, त्याची त्रिज्या आणि जोर ही तीन मूल्ये स्वतंत्र असतात. फुटण्याच्या क्षणापर्यंत त्रिज्या शून्य ठेवून ती एकदोन चौकटींतच पूर्ण वाढवावी, म्हणजे काचेचा आकस्मिकपणा साधतो. पुढे तुकडे कसे पडावेत, हे गुरुत्वाकर्षणाच्या मूल्यावर अवलंबून राहते.

येथवर लिपीचा प्रश्न उद्भवत नाही. कारण ‘शॅटर’ फोडते ते शब्दाच्या चित्रास, त्यातील अक्षरांस नव्हे. प्रश्न उद्भवतो तो शब्दाचे भाग अगोदर सुटे करून एकामागून एक फोडावयाचे ठरविले म्हणजे. भाग कोणत्या एककाने पाडावेत?

शब्दाच्या एककाचा विचार बारामतीस नवा नाही. तेथे वास्तव्य केलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले. तेथे एकक ठरतो वर्ण. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा मंत्र त्रयोदशाक्षरी म्हणविला जातो, तेव्हा ‘श्री’ हे जोडाक्षर एकच मोजले जाते; तेथे एकक ठरते अक्षर. संगणकाचे एकक या दोहोंहून निराळे आहे. युनिकोड संकेतावलीत व्यंजन, स्वरचिन्ह, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकास स्वतंत्र संकेत आहे. ‘बारामती’ आणि ‘इंदापूर’ ही दोन्ही नावे लेखनात चार अक्षरांची. परंतु संगणकाच्या लेखी प्रत्येकात सात संकेत आहेत.

इंदापूर तालुक्यातील ‘भिगवण’ हे नाव घेतल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. येथे वेलांटीचा संकेत ‘भ’ नंतर साठविला जातो, परंतु ती लिहिली जाते ‘भ’ च्या आधी. हा क्रमबदल जी प्रणाली जाणत नाही ती वेलांटी ‘ग’ च्या आधी मांडते आणि नाव ‘भगिवण’ असे वाचले जाते. प्रणालीने संकेतागणिक भाग सुटे केले, तर वेलांटी एकटीच लोंबकळत राहते. प्रेक्षकास वाटते, लिहिणाऱ्यास गावाचे नाव येत नाही.

यावरून काही नियम सुचतात. शब्द शुद्ध दिसतो की नाही, हे प्रथम पाहावे. दिसत नसल्यास तो अन्य प्रणालीत लिहून चित्ररूपाने आणावा. सुटे भाग पाडणे आवश्यकच असेल, तर ते अक्षरागणिक पाडावेत; काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आपल्या व्यंजनापासून वेगळे करू नयेत. तुकडे फार बारीक असू नयेत. ‘इंदापूर’ मधील अनुस्वाराचा ठिपका व दीर्घ उकार फुटताना प्रथम हरवतात. शेवटी, फुटण्यापूर्वी शब्द वाचण्यास पुरेसा अवधी द्यावा.

वस्तुतः या परिणामास देवनागरी रोमनपेक्षा अधिक अनुकूल आहे. रोमन अक्षरे छापताना सुटी उभी असतात. देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडलेला, म्हणून एका अखंड तावदानासारखा असतो. तावदान फुटल्याचा भास होण्यास ते आधी अखंड दिसावे लागते, आणि ती अखंडता लिपीने येथे आयतीच दिली आहे. काम एवढेच, की आघाताचा क्षण येईपर्यंत ती यंत्राच्या हातून मोडू द्यावयाची नाही.