संगणक मुका कां होतो ?

टेबलावर ठेवलेला संगणक एके दिवशीं अकस्मात् बोलेनासा होतो. पडद्यावरील चित्र हालत असतें, पाठ शिकविणाऱ्या शिक्षकाचे ओठ हालतांना दिसतात, परंतु स्पीकरांतून एक शब्दहि बाहेर पडत नाहीं. घरांतील माणसें प्रथम आवाज वाढविण्याची कळ दाबतात, मग स्पीकरवर दोनचार थापा मारतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे 'बोर्ड गेला' असा निकाल देऊन मोकळीं होतात. हा निकाल बहुधा चुकीचा असतो; त्याची किंमत मात्र खरी असते. वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील जऊळक्यासारख्या गांवाहून संगणकाचा डबा दुरुस्तीसाठीं मालेगांवास अथवा वाशिमास न्यावयाचा म्हणजे एका माणसाचा दिवस मोडतो, भाडें पडतें, मुलांचा पाठ बुडतो. आणि दुकानांत 'नवा मदरबोर्ड घाला' असें ऐकावें लागलें तर कांहीं हजारांचा खर्च पुढें उभा राहतो. म्हणून यंत्र उचलण्यापूर्वीं आवाज कोणत्या वाटेनें येतो आणि ती वाट कोठें अडते, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल संगणक १९८१ सालीं बाजारांत आला, तेव्हां त्याच्या पोटांत एक लहानसा स्पीकर होता. पण त्यास 'पीं' करण्यापलीकडे फारसें कांहीं येत नसे. गाणें किंवा भाषण ऐकावयाचें तर निराळें कार्ड विकत घेऊन आंत बसवावें लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें १९८९ मधील साउंड ब्लास्टर हें त्यांतील प्रसिद्ध कार्ड. पुढें इंटेल कंपनीनें १९९७ मध्यें एसी-९७ व २००४ मध्यें हाय डेफिनिशन ऑडिओ अशा दोन पद्धति ठरवून दिल्या, आणि आवाजाचें काम मदरबोर्डावरच बसविलेल्या एका लहानशा चिपकडे सोंपविणें सर्वत्र रूढ झालें. आज पुष्कळशा बोर्डांवर ही चिप तैवानच्या रिअलटेक कंपनीची आढळते. निराळ्या कार्डाचा खर्च यामुळें वांचला. पण बिघडलेलें कार्ड काढून दुसरें घालून पाहण्याची सोयहि त्याबरोबर गेली.

या चिपचें कार्य समजण्यास जऊळक्याच्या माणसानें फार दूर जावयास नको. पूर्णा-अकोला लोहमार्ग २००८ सालीं रुंद झाला. त्यापूर्वीं जऊळक्याहून लहान रुळांच्या गाडीनें निघालेल्या उतारूस मुंबईस किंवा नागपुरास जावयाचें असल्यास अकोल्यास उतरून मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे. कारण एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाहीं. संगणकांत असाच रुळांचा बदल आहे. त्याच्या पोटांत आवाज हा आवाज नसून केवळ आंकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणांत दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेतलेलें असतें, आणि तेंहि डाव्या व उजव्या बाजूंचें निरनिराळें. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या तरी एका पायरीवर बसविलेलें असतें. स्पीकरच्या पडद्यास आंकडे कळत नाहींत. त्यास कमीअधिक होणारा विजेचा प्रवाह हवा. आंकडे उतरवून घेऊन त्यांचा असा प्रवाह बनविणारी जी चिप तिला कोडेक म्हणतात. ती या मार्गावरील अकोला स्टेशन होय. तिच्या अलीकडे सारा आंकड्यांचा कारभार, पलीकडे सारा तारांचा व विजेचा.

दोष शोधणारानें पहिल्यानें तो अकोल्याच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, एवढेंच ठरवावें. पलीकडची बाजू तपासणें सोपें, म्हणून आरंभ तेथून करावा. स्पीकरची पिन संगणकांतून काढून, तसें भोंक असलेल्या मोबाइलांत किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रांत घालावी. तेथें स्पीकर वाजला तर तो व त्याची तार निर्दोष ठरली. उलट, मोबाइलचा हेडफोन संगणकाच्या हिरव्या भोंकांत घालून पाहावा. तो वाजला तर संगणक निर्दोष. या दोन परीक्षांस पांच मिनिटें लागत नाहींत आणि अर्धें कोडें तेथेंच सुटतें. पूर्वीं रेडिओ बंद पडला म्हणजे जाणता माणूस आधीं बॅटरी, मग एरिअल पाही, आणि व्हॉल्वला हात सर्वांत शेवटीं लावी. तीच शिस्त येथें उपयोगी पडते.

भोंकाच्या रंगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांच्या पीसी-९९ या नियमावलीपासून हे रंग रूढ झाले: आवाज बाहेर येण्यास हिरवें, मायक्रोफोनला गुलाबी, आणि बाहेरच्या यंत्राचा आवाज आंत घेण्यास फिकट निळें. तिन्ही भोंकें एकाच मापाचीं असल्यामुळें डबा झाडून पुन्हां जोडतांना पिन गुलाबी भोंकांत जाणें ही नित्याची गोष्ट आहे. दुसरी फसगत लहान स्पीकरांची. त्यांस दोन तारा असतात. यूएसबीच्या तारेनें कित्येकांत केवळ वीज येते, आवाज येतो तो पिनेच्या तारेनें. दिवा लागलेला दिसला म्हणजे जोडणी झाली असें वाटतें, आणि पिन मात्र टेबलाखालीं लोंबत असते. हिरव्या भोंकांतील प्रवाह क्षीण असतो. हेडफोन त्यावर वाजतो, मोठ्या स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर व स्वतःची वीज लागते. म्हणून स्पीकरचा ॲडॅप्टर व त्यावरील आवाजाचें बटणहि पाहावें. तार पिनेच्या मुळाशीं तुटते, किंवा कपाटामागें उंदीर ती कुरतडतात, हें सांगावयास नको.

आतां अलीकडची बाजू. विंडोजमध्यें पडद्याच्या कोपऱ्यांतील स्पीकरच्या चिन्हावर माऊसची उजवी कळ दाबली असतां 'साउंड सेटिंग्ज' उघडतें, आणि त्यांतून जुन्या पद्धतीचें 'प्लेबॅक' हें पान गांठतां येतें. तेथें आवाज जाऊं शकेल अशा साऱ्या साधनांची यादी असते आणि प्रत्येकाच्या शेजारीं एक उभी पट्टी. गाणें सुरू करून ही पट्टी पाहावी. सबंध शोधांत हिच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाहीं. पट्टी मुळींच हालत नसेल तर त्या साधनाकडे आवाज पोंचतच नाहीं: गाणें वाजविणारा प्रोग्रॅम म्यूट केलेला आहे, अथवा आवाज यादींतील दुसऱ्याच साधनाकडे गेला आहे. स्पीकरच्या शेजारची पट्टी नाचते आणि तरीहि शांतता, असें असेल तर विंडोजनें आपलें काम केलें. अडथळा पुढें आहे.

आवाज भलतीकडे जाण्याचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे मॉनिटर. मॉनिटर एचडीएमआय तारेनें जोडला म्हणजे त्या तारेंतून चित्राबरोबर ध्वनीहि जाऊं शकतो, आणि विंडोज कधींकधीं मॉनिटरलाच मुख्य साधन मानून बसतें. पुष्कळ मॉनिटरांत स्पीकर नसतोच! तेव्हां आवाज निघतो, पोंचतो आणि तेथेंच विरतो. यादींतील स्पीकरवर उजवी कळ दाबून 'सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस' केलें कीं काम झालें. त्याच यादींत स्पीकरखालीं 'नॉट प्लग्ड इन' असें लिहिलेलें दिसलें तर संगणकास पिन घातल्याची जाणीवच झालेली नाहीं. भोंकांत पिन शिरल्याची वर्दी देणारा एक सूक्ष्म स्विच असतो; धूळ व गंज यांनीं तो अडकतो. संगणक बंद करून पिन आठदहा वेळां आंतबाहेर केली असतां पुष्कळदां तो मोकळा होतो. डब्याच्या पुढील भोंकाचा स्विच अडकला तर उलटाच घोटाळा होतो: हेडफोन लावलेला आहे असें समजून संगणक मागील स्पीकर बंद ठेवतो.

यादींत स्पीकर दिसतच नसेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' पाहावा. ध्वनियंत्राच्या नांवावर खालीं रोखलेला बाण असल्यास तें बंद केलेलें आहे. पिवळा त्रिकोण असल्यास ड्रायव्हरची तक्रार आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज व चिप यांमधील दुभाष्या. विंडोजच्या नव्या आवृत्तीबरोबर हा दुभाष्या बदलला जातो व कधीं नवा दुभाष्या अडखळतो. तें साधन 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हां सुरू केल्यास विंडोज आपला साधा ड्रायव्हर बसवितें, आणि तो बहुधा पुरतो. न पुरल्यास मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. 'सारे ड्रायव्हर फुकट शोधून देतों' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नादीं लागूं नये. आणखी एक बारीक गोष्ट: विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यानें बहुतेक संगणक पुरते बंद होत नाहींत, 'फास्ट स्टार्टअप' मुळें जुनी अवस्था कांहीं अंशीं जपून ठेवली जाते. 'रीस्टार्ट' मध्यें मात्र सारें नव्यानें सुरू होतें. म्हणून रात्रभर बंद ठेवूनहि न गेलेला दोष एका रीस्टार्टनें जातो, यांत चमत्कार कांहीं नाहीं.

डिव्हाइस मॅनेजरमध्यें ध्वनियंत्राचा मागमूसच नसेल तर संगणक सुरू होतांना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायोसमध्यें शिरावें व एचडी ऑडिओ कंट्रोलर 'एनेबल्ड' आहे कीं नाहीं तें पाहावें. येथवर येऊनहि शांतता असेल तर एक परीक्षा उरते, आणि मदरबोर्डास मृत ठरविण्यापूर्वीं ती झालीच पाहिजे. लिनक्स घातलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. डिस्कवरील विंडोजला त्यांत हात लागत नाहीं. लिनक्समध्यें आवाज आला तर चिप जिवंत आहे व दोष विंडोजच्या बाजूस आहे. तेथेंहि न आला तर मात्र चिप किंवा भोंक गेलें असें मानण्यास हरकत नाहीं. विजेच्या गडगडाटांत तारा जोडलेल्या राहिल्या तर असें होऊं शकतें. तरी बोर्ड बदलावयाचें कारण नाहीं. यूएसबीच्या भोंकांत बसणारें, अंगठ्याएवढें ध्वनियंत्र कांहीं शें रुपयांत मिळतें. त्यांत स्वतःची कोडेक असते, आणि बोर्डावरील मृत चिपला वगळून तें आपलें काम करतें.

ज्यांस दृष्टि नाहीं त्यांच्या बाबतींत हेंच लहानसें साधन आधींपासून घरांत असलें पाहिजे. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत सुरू झालेला एनव्हीडीए हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो, मराठीहि वाचतो; त्याच्या आधारें अंध विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास करतात, अर्ज भरतात. त्यांचा संगणक मुका झाला म्हणजे त्यांच्या लेखीं पडदाच विझतो. म्यूटचें चिन्ह, पट्टी, पिवळा त्रिकोण, वर सांगितलेली प्रत्येक खूण डोळ्यांची आहे. तिचा त्यांस उपयोग नाहीं. अशा घरांत यूएसबीचा हेडफोन खणांत ठेवावा. तो लावतांच विंडोज बहुधा आपण होऊन आवाज त्याकडे वळवितें, कंट्रोल, ऑल्ट व एन या तीन कळा एकदम दाबल्या कीं एनव्हीडीए पुन्हां बोलूं लागतो, आणि मग बोर्डावरच्या चिपचा दोष तो विद्यार्थी स्वतःच, कोणाची वाट न पाहतां, शोधूं शकतो.