तीन की पाच?

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर पक्षी टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची जत्राच भरते. त्यात नवशिक्यांच्या गळ्यात बहुधा दोनपैकी एक डीएसएलआर: कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५००. दोन्ही २०१८चे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. तेव्हा मेगापिक्सेलवरून वाद घालणं फुकट.

खरा फरक फ्लेमिंगो उडाला की कळतो. कॅनन सेकंदाला ३ फोटो काढतो, निकॉन ५. पंख पूर्ण पसरल्याचा क्षण पकडायला हे दोन जादा फोटो फार मोलाचे. बॅटरीही निकॉनचीच दमदार: कंपनीच्या मोजणीनुसार १,५५० फोटो, कॅननची ५००.

मग निकॉनच घ्यावा? थांबा. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी ‘डी’ जातीची लेन्स लावलीत, तर फोकस हातानं फिरवत बसाल, तोवर पक्षी खाडीपलीकडे ऐरोलीला! कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते. त्यामुळे जुनी लेन्सही चालून जाते.

आता दुकानदार मिररलेस कॅमेरेच पुढे करतात. तरीही सेकंडहँड डीएसएलआर घेणार असाल, तर आधी लेन्स ठरवा आणि शटर किती वेळा उडालंय ते विचारा.