फळा आणि फाटक : महाविद्यालयातलं बोलणं आणि महाविद्यालयाचं चालणं

पुढच्या रांगेत काही प्राचार्य बसलेले दिसतात. मागे खोपोली लाइनची मुलं आहेत आणि त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे आहे, कारण एक गाडी चुकली की पुढची मिळेपर्यंत तास-दीड तास फलाटावर. तेव्हा मी वेळेत संपवीन. आजचा विषय या दोन्ही रांगांचा आहे. महाविद्यालयात प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडता आलं पाहिजे आणि महाविद्यालय चाललंही पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा काय करायचं?

आधी माझीच एक गोष्ट सांगतो. साधारण तीस वर्षांपूर्वी मी याच भागातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. नाव सांगत नाही, कारण चूक त्या संस्थेपेक्षा माझी जास्त होती. भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे होतं. खालापूर बाजूच्या एका वाडीतून एक मुलगा यायचा. आधी पायी स्टेशन, मग गाडी. पहिला तास सात वीसला आणि त्याची गाडी यायची सात पस्तीसला. त्यामुळे पंचाहत्तर टक्के हजेरी भरत नव्हती आणि परीक्षेचा अर्ज अडला होता. त्याने यावर एक पानभर लेख लिहिला. शिवीगाळ नाही, कोणाचं नाव नाही. गाड्यांचं वेळापत्रक आणि तासांचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडलं होतं, एवढंच. मी तो फळ्यावर लावला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. संध्याकाळी मी टाचण्या काढल्या आणि ते पान माझ्या खणात ठेवलं. मला कोणी सांगितलंही नव्हतं, बरं का! मुलगा शिक्षकखोलीच्या दारात आला. म्हणाला, “सर, काढलंत?” मी म्हटलं, “अरे, आत्ता वेळ योग्य नाही.” तो म्हणाला, “मग योग्य वेळ कोणती, सर? सांगा, तेव्हा लावतो.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी, चाचणी परीक्षेच्या सकाळी, तीस-चाळीस मुलं फाटकात बसली. बाहेर मुली पॅड हातात घेऊन उभ्या. त्यांचा पेपर बुडाला. शेवटी पोलीस आले. शिस्त समितीने त्या मुलाला महिनाभरासाठी निलंबित केलं आणि त्या पत्रावर माझीही सही आहे. तो परत आला नाही. पुढच्या वर्षी पहिला तास अर्ध्या तासाने पुढे गेला.

या गोष्टीत दोन चुका आहेत. फाटक अडवणं चूकच होतं. ज्या मुलींचा पेपर बुडाला त्यांनी कोणाचं काय बिघडवलं होतं? पण त्याआधी मी फळा बंद केला होता. आणि फळा बंद केला की गर्दी फाटकाकडे वळते.

आता याचा जरा शांतपणे विचार करू. समजा, मी उत्तम गातो. गणिताच्या तासाला वर्गात शिरून मी गाऊ लागलो, तर शिक्षक मला बाहेर काढतील. माझं गाणं वाईट आहे म्हणून ते काढत नाहीत, वेळ आणि जागा चुकली म्हणून काढतात. तेच गाणं संध्याकाळी सभागृहात चालेल. हा फरक धरून ठेवा. व्यवस्था ‘कधी, कुठे, किती मोठ्याने’ एवढंच ठरवू शकते. ‘काय’ बोलायचं, हे ठरवायला लागली की ती व्यवस्था उरत नाही, ती मर्जी होते.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश तत्त्वज्ञाने १८५९ साली स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात धान्याच्या व्यापाऱ्याचं उदाहरण आहे. व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापायला मिल मोकळीक देतो. तेच मत व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या संतप्त जमावाला ओरडून सांगितलं, तर मात्र शिक्षा होऊ शकते. आपल्याकडे भातगिरणीच्या दारात असं झालं, तर काय होईल ते तुम्हाला कळतं. मत तेच, पण परिणाम वेगळा. मिलने मतावर बंदी घातली नाही, प्रसंगावर घातली.

कोणी म्हणेल, सर, आपल्या तालुक्यात तर वेगळाच वारसा आहे. खरं आहे. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर २ जानेवारीला आपण त्यांना वंदन करतो. मग फाटक अडवणाऱ्या मुलाला शिक्षा कशी करायची?

याचं उत्तर डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात मिळतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा असनदशीर मार्गांचं समर्थन बऱ्याच अंशी होऊ शकत होतं, आता सनदशीर मार्ग खुले आहेत, म्हणून कायदेभंग, असहकार, सत्याग्रहसुद्धा सोडून दिले पाहिजेत. प्राचार्य मंडळी याचा उत्तरार्ध नेहमी सांगतात. माझी विनंती अशी की पूर्वार्धही वाचा. मार्ग खुला असेल, तरच तो सोडून जाणाऱ्याला दोष देता येतो. मार्ग मीच बंद केला असेल, तर माझा दोष देण्याचा अधिकार तेवढा कमी होतो. भाषण देशाबद्दल होतं, पण कॉलेजचं आवारही त्याच देशात आहे.

आता घाट चढून पुण्याला जाऊ. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १२ जून २०१५ ला अध्यक्षांच्या नेमणुकीवरून संप सुरू झाला. तो १३९ दिवस चालला. फलक, गाणी, मोर्चे, स्वतः वर्गात न जाणं, ही सगळी अभिव्यक्ती होती. पण ऑगस्टमध्ये अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटांच्या मूल्यमापनावरून विद्यार्थ्यांनी संचालकांना त्यांच्याच कार्यालयात तासन्‌तास घेरून ठेवलं. माझ्या मते तिथे रेषा ओलांडली गेली. माणसाला कोंडणं हे काही म्हणणं मांडणं नव्हे. पण मग पोलीस मध्यरात्री आले आणि त्यांनी पाच विद्यार्थ्यांना पकडून नेलं. कायद्याला दिवसाचा उजेड चालत नाही का? हीसुद्धा सुव्यवस्था नव्हे.

दुसरा प्रसंग पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातला, २ फेब्रुवारी २०२४ चा. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टींवर विद्यार्थ्यांचं नाटक चालू होतं. भावना दुखावल्या म्हणून एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. पुढे जामीन झाला. नाटक चांगलं की वाईट, मी बोलत नाही. कोणाला ते खरोखर लागलंही असेल. त्याला बाहेर फलक धरण्याचा, लेख लिहिण्याचा, तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे. पण रंगमंच त्या वेळेपुरता नाटकवाल्यांचा होता. तिथली व्यवस्था कोणी मोडली? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रंगराजन खटल्यात, एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने, स्पष्ट सांगितलं आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, संरक्षण देणं हे शासनाचं काम आहे. उलट केलं तर गोंधळ घालणाराच काय बोलायचं ते ठरवू लागतो.

आणखी एक फसवी जागा आहे. नियम दिसायला सगळ्यांना सारखा असतो : पंधरा दिवस आधी अर्ज, तीन सह्या, मग परवानगी. पण पुढारी आले की तास सोडून सगळी मुलं स्वागताला उभी करतात. गॅदरिंगचा डीजे ग्रंथालयाच्या खिडक्या हलवतो. त्या दिवशी नियम कुठे असतो? म्हणून नियम पारखायची एक साधी कसोटी सांगतो. जे बोलणं आपल्याला आवडतं, त्यालाही आपण हाच नियम लावला असता का? उत्तर ‘नाही’ आलं, तर समजा की आपण शिस्तीचं नाव घेऊन मत दाबतो आहोत.

मग करायचं काय? माझ्या पाच सूचना आहेत, एकीलाही पैसे लागत नाहीत.

पहिली, आवारात एक जागा बोलण्यासाठी कायमची ठेवा. तिथे परवानगी नको, आदल्या दिवशी कळवलं तरी पुरे. दुसरी, तास चालू असताना ध्वनिक्षेपक नाही आणि परीक्षेच्या काळात परीक्षा खोल्यांजवळ घोषणा नाहीत, कोणाच्याच. तिसरी, फाटक, जिना, कार्यालय कोणीही अडवायचं नाही. चौथी, नकार द्यायचा असेल तर दोन दिवसांत, लेखी आणि कारणासह द्या. तोंडी ‘आत्ता नको’ चालणार नाही. पाचवी, ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो शिस्त समितीत बसणार नाही, मग ती तक्रार शिक्षकाविरुद्ध का असेना.

विद्यार्थी मित्रहो, हे नियम तुम्हालाही बांधतात. तुमच्या घोषणेने शेजारच्या वर्गातल्या मुलीचा तास बुडाला, तर तुम्ही तिचं शिकणं हिरावलंत. वर्गात शिक्षक बोलतात आणि ती प्रश्न विचारते, हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे. शिस्त हवी ती तिच्यासाठी. आलेल्या पाहुण्यांना आवार शांत दिसावं, म्हणून नव्हे.

त्या मुलाचं पान खणात बरीच वर्षं होतं. निवृत्तीच्या वेळी खण रिकामा करताना ते सापडलं. आता त्याचं काय करायचं? पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आज देता येईल. योग्य वेळ कोणती? बोलायला मधली सुट्टी आणि तास सुटल्यानंतरची संध्याकाळ. जागा झाडाखालचा कट्टा. आणि फळ्यावर पान लावायला कोणताही दिवस, समिती येणार असेल तो दिवससुद्धा.

गाडीला अजून पंचवीस मिनिटं आहेत. मागच्या रांगेतून आधी प्रश्न घेऊ.