गाडीच्या मागून ‘कुईकुई’ आवाज येतोय? मोबाइलने असा शोधा!

पिंपळनेरात गतिरोधक आला की आमच्या गाडीच्या मागून ‘कुईकुई’ आवाज यायचा. मेकॅनिकने मागचे दोन्ही शॉकअप बदलायला लावले. पैसे गेले, आवाज तसाच!

मग एक गोष्ट लक्षात आली. पावसात आवाज बंद, ऊन पडलं की पुन्हा सुरू. म्हणजे कुठेतरी कोरडं रबर घासतंय. ते मी असं शोधलं:

१. सपाट जागी गाडी बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना विटा लावा. हँडब्रेक सोडा, नाहीतर ब्रेकचाच आवाज फसवतो.

२. मित्राला डिकीवर जोर देऊन सोडायला सांगा. मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून आधी डाव्या, मग उजव्या चाकाजवळ सारख्याच अंतरावर धरा. नंतर इअरफोन लावून ऐका. बाजू लगेच कळते.

३. त्या बाजूच्या एकेका रबर बुशवर पाण्याचा फवारा मारा आणि पुन्हा डिकी दाबा. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबतो, तोच बुश गुन्हेगार!

आमच्या गाडीत डावीकडचा ॲक्सलचा बुश निघाला. शॉकअप चांगलेच होते!

रबर चिरलं असेल तर बुश बदला. चांगलं असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर फुगून खराब होतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

पुढच्या वेळी पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला रेकॉर्डिंग ऐकवा. पैसे वाचतील!